याकोब गुरुजी, तुम्ही आज्ञाधारक नव्हता

गुरुजी,

तुमच्या दफनाच्या वेळी मी मध्येच बोलले. चाकणच्या त्या छोट्या दफनभूमीत, पेटी खाली सोडायच्या आधी, मिशनच्या कमिटीचे सेक्रेटरी डोळे मिटून म्हणाले, "आमचे बंधू याकोब शेलार हे नम्र आणि आज्ञाधारक सेवक होते." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आज्ञाधारक नव्हते."

मला वाटलं होतं मी पुटपुटले. पण वारा पडलेला होता, सगळ्यांनी ऐकलं. तुमच्या बायकोनं, मार्थाकाकूंनी, पदराआडून माझ्याकडे पाहिलं. सेक्रेटरींनी डोळे उघडले, घसा साफ केला आणि पुढचं वचन वाचायला घेतलं. मी माफी मागितली नाही, मागणारही नाही. तुम्ही जन्मभर जे होता ते बाजूला सारून, तुम्ही नाही असं बघून, तुम्हाला दुसराच कुणीतरी करून पुरायचं, हे मी होऊ देणार नव्हते.

त्याला आज आठ दिवस झाले. मिशनच्या मासिकात तुमच्यावर चार ओळी येतील. जन्म कुठला, शाळा कुठली, सेवा किती वर्षं. त्या त्यांनी लिहाव्यात. मला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि तुम्ही समोर होता तेव्हा जे बोलायला हवं होतं ते बोलायचं आहे. उशीर झालाय, मला कळतं.

तुम्ही वर्गात पहिल्यांदा आलात तो दिवस मला स्वच्छ आठवतो. चिंचवड स्टेशनजवळ मिशनच्या बंगल्यामागची ती खोली, पाच बाकं, एक फळा. बाहेर आकुर्डीकडे नजर टाकली तर नुसती ज्वारी. मी दक्षिणेतल्या एका मिशन इस्पितळात दोन वर्षं शिकून परत आले होते. आजारी, दुःखी, घरात भांडून बसलेल्या, माणूस गमावलेल्या लोकांजवळ बसायचं कसं, त्यांचं ऐकायचं कसं, हे ख्रिस्ती सेवकांना शिकवायचा वर्ग. दोन वर्षांचा, पदवीधरांसाठी. मी एकोणतीस वर्षांची, इंग्रजी पुस्तकांची एक पेटी आणि त्या पेटीएवढाच अभिमान घेऊन उभी होते. चार मुलं कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. आणि पाचवे तुम्ही. एक्कावन्न वर्षांचे, मिशनच्या शाळेतली मास्तरकी सोडून आलेले, मास्तरकी करता करता घरी अभ्यास करून बी.ए. झालेले. चाकणहून मोशीची इंद्रायणी ओलांडून, भोसरीवरून सायकल मारत आला होता. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं. दारात उभे राहून विचारलंत, "बाई कुठायत?"

"मीच," मी म्हणाले.

तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, "बरं. मग बसतो."

पहिल्याच तासाला भांडण झालं. फळ्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'समुपदेशक'. इंग्रजी शब्दाला हा मराठी शब्द मी कुठूनसा शोधून आणला होता आणि मला तो फार आवडला होता. तुम्ही हात वर केलात.

"बाई, समोरच्याला उपदेश करायचा नाही, हा तुमचा पहिला नियम ना?"

"हो."

"मग नावातच उपदेश कशाला घातलाय?"

मुलं हसली. मी म्हणाले, आधी 'सम्' आहे, त्यानं अर्थ बदलतो. तुम्ही म्हणालात, "सम् लावलं म्हणून काय झालं? उद्या शिवीला सम् लावाल, ती काय गोड लागणार हाय?" रागाला आलात की तुमच्या बोलण्यात तुमचं खेडकडचं गाव उतरायचं, आणि वर्ग तेच ऐकायची वाट बघायचा. दोन वर्षं आपण त्या शब्दावरून भांडलो.

खरं सांगते, पहिले सहा महिने तुम्ही मला नको होता. मी पुस्तकातलं एखादं उदाहरण वाचून दाखवायची. अमुक माणूस डॉक्टरांकडे येतो, खुर्चीत बसतो, बायकोबद्दल बोलतो. तुम्ही पाय हलवत ऐकत राहायचा आणि मग म्हणायचा, "बाई, ह्या पुस्तकातला माणूस एकटाच येतो. आपल्याकडं एक माणूस बोलायला आला की त्याच्यामागून चुलता येतो, मामा येतो, मेव्हणा येतो. त्यांना काय दाराबाहेर बसवू? ते दाराबाहेरूनच उत्तरं देतील."

मी तुम्हाला गप्प बसवलं. घरी गेल्यावर मात्र झोपायच्या आधी वही काढली आणि दुसऱ्या वर्षाचा अभ्यास नव्यानं लिहायला घेतला. घरातल्या सगळ्यांसमोर बोलणाऱ्या माणसाचं ऐकायचं कसं, हा धडा कुठल्याच पुस्तकात नव्हता. तो तुमच्यामुळे आला. मी तसं वर्गात कधी सांगितलं नाही. तो माझाच असल्यासारखा शिकवला.

मग क्षयाच्या इस्पितळातले ते दिवस. आठवड्यातून दोनदा आपण सगळे जायचो. प्रत्येकानं एका रोग्याजवळ बसायचं आणि परत आल्यावर झालेलं बोलणं आठवून शब्दाला शब्द वहीत उतरवायचं. तुमच्या वाट्याला रहाटणीचे एक शेतकरी आले. नाना म्हणायचे त्यांना वॉर्डात. तुमच्या हातातलं शास्त्र, म्हणजे बायबल, बघूनच नाना म्हणाले, "बाटवायला आलात व्हय?" तुम्ही "न्हाई" म्हणालात, आणि मग लगेच हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगायला लागलात. नानांनी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. तुमच्या वहीत त्या दिवशी एवढंच होतं. 'मी बोललो. ते भिंतीकडे वळले.' मी खाली लाल शाईनं लिहिलं, 'का वळले, विचार करा.' किती फुशारकी होती माझ्या त्या लाल शाईत!

पुढच्या वेळी तुम्ही शास्त्र पिशवीतच ठेवलंत. परत आलात तेव्हा चेहरा असा की काहीतरी सापडलंय, पण कुणावर तरी रागही आहे.

"काय झालं?" मी विचारलं.

"ते विहीर खणत होते. निम्म्यातच हितं आणून टाकलं त्यांना. मी इचारलं, पाणी लागलं का?"

"मग?"

"मग काय? तासभर बोलत होते. खडक कसा लागला, सुरुंग कसा लावला, थोरला भाऊ जागा बदलू म्हणत होता, ह्यांनी ऐकलं न्हाई. शेवटी म्हणाले, मी पाणी न बघता जाणार काय वो मास्तर?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काई न्हाई. हात धरला."

मी म्हणाले, गुरुजी, हेच. हेच शिकवायचा मी सहा महिने प्रयत्न करतेय. तुम्ही खूश व्हायचं सोडून माझ्यावर उखडलात. "पण बाई, मला एक वचन सांगायचं होतं. ओठावर आलं होतं. तुमच्यापायी गिळलं. तहानलेला माणूस दारात आला, तर त्याची तहान किती हाय एवढंच इचारायचं? पाणी द्यायचंच न्हाई?"

"आधी त्याला तहान सांगू तर द्या."

"अन् मग?"

त्या 'अन् मग'ला मी नीट उत्तर दिलं नाही. नियम सांगितला. आजही तुम्ही अचानक दारात येऊन विचारलंत तर मी बहुतेक नियमच सांगेन. फरक एवढाच, की आता तो सांगताना माझा आवाज चढणार नाही. नानांना तुम्ही ते वचन शेवटी सांगितलंत, मला ठाऊक आहे. त्यांनी विचारल्यावर सांगितलंत. वहीत लिहिलं नव्हतं, नानांच्या भावानं मला सांगितलं.

दुसऱ्या वर्षी तुम्ही आमच्यात सगळ्यात चांगले झाला होता. हे मी बाकीच्या चौघांसमोर म्हणाले नाही, पण चौघांना ते कळत होतं. पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पातली ती सिंधी म्हातारी आठवते? तिचं अर्धं बोलणं तुम्हाला कळत नव्हतं, आणि तुमचं मोडकं हिंदी ऐकून ती हसायची. घर कसं सुटलं ते सांगताना ती कुलपाशी अडायची. कुलूप लावलं होतं की नव्हतं, हेच तिला आठवत नव्हतं. प्रत्येक खेपेला तेच. मुलं कंटाळली. तुम्ही अकरा वेळा गेलात आणि अकरा वेळा कुलपाची गोष्ट पहिल्यांदा ऐकावी तशी ऐकलीत.

आणि मग तो माणूस आला. त्याच्याविषयी मी कमीत कमी लिहिणार आहे. त्याचं नाव मला माहीत नाही. माहीत असतं तरी इथं लिहिलं नसतं.

तुम्ही वर्गात नाव, गाव, खूण काही न सांगता एवढंच सांगितलंत, की मिशनचा एक सुवार्तिक तुमच्याकडे बोलायला येतो. बाजाराच्या गावी जाऊन प्रभूची गोष्ट सांगायची हेच त्याचं काम. त्याची मुलगी तापानं गेली. पुढच्याच रविवारी तो पुनरुत्थानावर बोलला आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की आत काहीच नाही. तेव्हापासून तो तसाच बोलत आला आहे. तुम्हाला म्हणाला होता, "गुरुजी, मी पोस्टमन झालोय. पत्र दुसऱ्याचं, मी नुसतं पोचवतो." मिशननं दिलेल्या घरात राहतो, बायकोलाही सांगितलेलं नाही. एकदा विहिरीच्या काठावर जाऊन उभा राहिला होता.

तुम्ही मला विचारलंत, "बाई, मी काय करू?" मी म्हणाले, जे करताय ते करत राहा. तुम्ही केलंत. महिन्यांमागून महिने. त्याला विश्वास परत मिळाला का, मला माहीत नाही, आणि ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. तो विहिरीकडे परत गेला नाही, एवढं सांगितलंत.

आता माझं. मी ते कधी मोठ्यानं म्हणाले नाही, म्हणून इथं सरळ लिहिते.

वर्षअखेरीला कमिटीला अहवाल द्यायचा होता. कमिटीतल्या निम्म्या लोकांना हा वर्ग म्हणजे बाईमाणसाचं खूळ वाटत होतं. चर्चचे पाळक तयार करायला धर्मशिक्षणाची शाळा आहे की, मग हे वेगळं कशाला, असं ते म्हणत. मला त्यांना दाखवायचं होतं. म्हणून अहवालात मी अभिमानानं एक परिच्छेद घातला, की आमच्या एका प्रौढ विद्यार्थ्यानं, विश्वास गमावलेल्या आणि जीव द्यायला निघालेल्या एका सुवार्तिकाला सावरलं. नाव घातलं नाही, म्हणून मला वाटलं मी काही चूक केली नाही.

आठ दिवसांत सेक्रेटरींची चिठ्ठी आली. मिशनच्या पगारावर असलेला, विश्वास नसलेला हा सुवार्तिक कोण? कमिटीला कळणं जरूर आहे.

मी ती चिठ्ठी तुम्हाला वाचून दाखवली. दुपार होती, मुलं जेवायला गेली होती. तुम्ही ऐकलंत. मग विचारलंत, "त्यांना कळलं कसं?"

मी सांगितलं.

तुम्ही आवाज चढवला नाहीत. चढवला असता तर बरं झालं असतं. "बाई, माझ्या माणसाला तुमी अहवालात घातलंत?"

मी म्हणाले, वर्ग टिकला पाहिजे ना. आणि मग त्याहून वाईट बोलले. म्हणाले, "गुरुजी, फक्त अध्यक्षांना एकट्याला सांगा. ते सभ्य आहेत. बाहेर जाणार नाही. नाहीतर वर्ग बंद करतील हो."

तुम्ही उठलात. सायकलपर्यंत गेलात, परत आलात. "तुमीच शिकवलं," म्हणालात. "ह्या खोलीत ऐकलेलं ह्या खोलीत. पयल्या दिवशी शिकवलं. मी लिहून घेतलं हाय. आता तुमी म्हणता म्हणून खोडू?"

कमिटीसमोर तुम्ही गेलात तेव्हा मी तिथं होते, वर्गाची प्रमुख म्हणून, भिंतीकडच्या खुर्चीत. अध्यक्ष खरंच सभ्यपणे बोलले. म्हणाले, आम्हाला त्या बंधूला मदतच करायची आहे. तुम्ही म्हणालात, "मग सगळ्यांनाच करा साहेब. तुमच्या सगळ्या सुवार्तिकांना बोलवा, पोरंबाळं कशी हायेत इचारा, चहा पाजा. त्यातच तो असंल."

सेक्रेटरी म्हणाले, "शेलार, तुम्ही मिशनचे सेवक आहात. आज्ञा पाळणं तुमचं कर्तव्य आहे."

तुम्ही म्हणालात, "व्हय. पण तो माणूस तुमच्या कमिटीकडं आला न्हाई. माझ्याकडं आला."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मिस सोनवणे, तुमचं काय म्हणणं आहे?" मी म्हणाले, याचा विचार व्हायला हवा. असं वाक्य, गुरुजी! याचा विचार व्हायला हवा. तुम्ही माझ्याकडे वळूनही पाहिलं नाहीत. ते तुमचं मोठेपण की तुमचा राग, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

शिक्षा एकट्या तुम्हाला झाली. वर्ग चालू राहील, पण शेलारांना प्रमाणपत्र मिळणार नाही, आणि उपासनेत बोलणाऱ्यांच्या यादीतून त्यांचं नाव काढण्यात येईल. प्रमाणपत्रं वाटायचा समारंभ झाला. मी स्टेजवर उभी राहून चौघांची नावं वाचली, चौघांच्या हातात कागद दिले. तुम्ही तिसऱ्या रांगेत बसला होता, पांढराशुभ्र सदरा घालून, शेजारी मार्थाकाकू. चारही वेळा टाळ्या वाजवल्यात, त्याही मनापासून. मी ते पाहत होते आणि नावं वाचत होते. माझा आवाज एकदाही कापला नाही. त्या आवाजाची मला अजून लाज वाटते.

त्यानंतर सात महिने. तुम्ही चाकणला परत गेलात. प्रमाणपत्र नसलं म्हणून लोक यायचे थांबले नाहीत, ते मला ऐकू येत होतं. एकदाच भेटलो आपण, चाकणच्या बाजारात. तुम्ही कांद्याच्या ढिगापाशी वाकून एकेक कांदा दाबून बघत होता. मला बघून हसलात. म्हणालात, "नवीन वर्ग कसा हाय?" मी म्हणाले, चांगला आहे, सहाजण आहेत. तुम्ही म्हणालात, "पुस्तकातला माणूस अजून एकटाच येतो का?" मी म्हणाले, नाही, आता त्याचा मामाही येतो. दोघंही हसलो. मग मी तब्येत विचारली. छातीत कळ येते म्हणालात, असंच, पित्त असेल. मला त्या वेळी सांगायचं होतं. सगळं तोंडाशी आलं होतं. इतक्यात भोसरीकडे जाणारी गाडी आली आणि मी निघाले. पुढच्या गाडीनं गेले असते तर काय बिघडलं असतं?

पंधरा दिवसांनी मार्थाकाकूंचा निरोप आला. ते पित्त नव्हतं.

तुमच्या दफनाला कोण कोण आलं होतं हे तुम्हाला सांगायलाच हवं, कारण कमिटीला ते दिसलं पण त्यांनी मोजदाद केली नाही. चर्चच्या मंडळीतली माणसं पुढे होती. त्यांच्यामागे नानांचे भाऊ, रहाटणीहून. नाना बरे होऊन घरी गेले, पण एवढं चालवत नाही म्हणून भावाला धाडलं. कॅम्पातली ती सिंधी म्हातारी, नातवाचा हात धरून. कारखान्याच्या खाकी कपड्यांतले तिघे, पहिली पाळी करून थेट आलेले. आळंदीकडची दोन-तीन कुटुंबं, फेटे बांधलेले म्हातारे. यांतल्या निम्म्यांना ख्रिस्ती दफनात कुठं उभं राहायचं हे माहीत नव्हतं. ते नुसतेच उभे राहिले.

त्या गर्दीत तो होता का? मी बघितलं नाही. सगळा वेळ मान खाली घालून उभी होते. कुणाच्या डोळ्यांत जास्त पाणी आहे, यावरून मला चुकूनही काही कळायला नको होतं. एवढं तरी मी तुमच्याकडून शिकले.

चार दिवसांनी सेक्रेटरी मार्थाकाकूंकडे गेले. आधी प्रार्थना केली. मग म्हणाले, गुरुजींच्या वह्या वर्गाची मालमत्ता आहेत, त्या द्याव्यात. मार्थाकाकू म्हणाल्या, "बाईंना इचारते." ते गेल्यावर त्यांनी पिठाच्या डब्यामागून वह्या काढल्या, पिशवीत भरल्या आणि एस.टी.त बसून स्वतः चिंचवडला आल्या. माझ्या टेबलावर पिशवी ठेवून म्हणाल्या, "ह्यात काय हाय मला ठावं न्हाई. मी वाचल्या न्हाईत. पण ह्या त्यांच्या हातात गेल्या तर हे मला मातीत गेल्यावर बी गप पडू देणार न्हाईत."

मी वाचल्या. परवानगीशिवाय वाचल्या, त्याबद्दल रागवा. त्या माणसाची पानं शोधत होते, फाडायला, दुसऱ्या कशाला नाही. एकच सापडलं. त्यावर लिहिलं होतं, 'आज एक माणूस आला. दोन तास बसला. त्यानं सांगितलं ते त्याचं आहे.' पुढं काही नाही. इतके महिने तो आला, आणि दुसरी ओळ नाही. मी वर्गात शब्दाला शब्द लिहायला शिकवलं होतं. तो नियम मोडून तुम्ही खोलीतलं खोलीत ठेवायचा नियम माझ्यापेक्षा नीट पाळलात.

आणि दुसऱ्या एका वहीत, कमिटीच्या बैठकीच्या आदल्या दिवशीच्या पानावर, एक ओळ माझ्यावर होती. 'बाई आज फार भ्यालेल्या. कुणी नाही त्यांचं ऐकायला.'

मी तुमच्यावर दोन दिवस चिडले होते त्या ओळीमुळे. मग चिडणं संपलं. मग बसून रडले, तेही सांगून टाकते.

परवा कमिटीनं मला बोलावलं. वह्या कुठं आहेत? मी म्हणाले, माझ्याकडे. द्या. नाही. सेक्रेटरी म्हणाले, "मिस सोनवणे, त्यात काय आहे याची तुम्हाला कल्पना आहे का?" मी म्हणाले, आहे. आणि मेलेल्या माणसाजवळ ठेवलेल्या गोष्टी तुमच्याजवळ ठेवायला कुणी सांगितलेलं नाही. अध्यक्ष म्हणाले, याचा परिणाम वर्गावर होईल. मी म्हणाले, होऊ दे. त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं की जूनपासून वर्गाला मिशनची खोली मिळणार नाही, आणि माझं नाव मिशनच्या पटावरून काढावं. बाहेर पडताना मी त्यांना म्हणाले, "गेल्या वर्षी इथं बसून मी म्हणाले होते, याचा विचार व्हायला हवा. ते मी मागे घेते. विचार झालेला आहे."

काल सकाळी चाकणला गेले. रात्री जागून एक कागद लिहिला होता, माझ्या चांगल्या अक्षरात, मराठीत. याकोब सखाराम शेलार, बी.ए., यांनी दोन वर्षांचे शिक्षण पुरे केले असून ते या वर्गातले पहिले आले आहेत. त्यावर मिशनचा शिक्का नाही. सही माझी आहे, शिक्षिका म्हणून. ती मी होते, तेवढं तरी कुणी काढून घेऊ शकत नाही.

मार्थाकाकूंनी कागद हातात घेतला. तुम्हीच त्यांना वाचायला शिकवलंत, लग्नानंतर. एकेक अक्षरावर बोट ठेवत त्यांनी सगळा वाचला. 'पहिले आले' वर बोट थांबलं. मग वर बघितलं.

"जिवंतपणी द्यायचा व्हता," त्या म्हणाल्या.

"हो काकू."

"तवा का न्हाई दिला?"

"तेव्हा मी भ्याले. अहवालात त्या माणसाला मी घातलं. 'सांगून टाका' असं गुरुजींना मीच म्हणाले. आणि त्यांना प्रमाणपत्र नाकारलं तेव्हा मी गप्प बसले. माझं चुकलं."

मला तुम्हाला म्हणायचं होतं ते मी त्यांना म्हणाले, गुरुजी. हे तुम्हालाच म्हटलंय, असं समजा. तुम्ही काय उत्तर दिलं असतं ते मी माझ्या सोयीनं ठरवणार नाही.

मार्थाकाकूंनी उठून कागद ट्रंकेत, तुमच्या बी.ए.च्या कागदावर ठेवला. ट्रंकेचं झाकण लावता लावता माझ्याकडे न बघताच विचारलं, "आता भ्या वाटतं का?"

"वाटतं. पण आता गप्प नाही बसणार."

"वर्ग कुठं भरवनार?"

मी म्हणाले, अजून ठरलं नाही.

"मग हितंच भरवा की," त्या म्हणाल्या. "घर रिकामंच हाय. माणसं अजून येत्यात, हे न्हाईत म्हटलं तरी बसून राहत्यात. मी कितिकांना पुरी पडू?"

तर गुरुजी, जूनमध्ये वर्ग चाकणला भरेल, तुमच्या घरात. सहातले चार विद्यार्थी येतो म्हणालेत, दोघांच्या घरचे नको म्हणतात. कमिटीला मी कळवलेलं नाही. कळेलच. त्यांना यायचं असेल तर त्यांनीही यावं, चपला बाहेर काढाव्यात, आणि खाली बसून ऐकावं.